पदवीच्या उंबरठ्यावर : आता हात तयार होऊ द्या!

पूर्वी खेड्यातले पोर शिकले की मास्तर व्हायचे, नाहीतर तलाठी. आता शेतकऱ्याघरची मुले-मुली बारावीनंतर ‘नीट’ परीक्षा देऊन पशुवैद्यक कॉलेजात जाऊ लागली आहेत. आनंदाचीच गोष्ट आहे. पण अभ्यास संपत आला की घरात एक कुरकुर सुरू होते. “परीक्षा झाल्या ना सगळ्या? मग आणखी एक वर्ष कशाला? गावात दवाखाना थाटला तर उद्यापासून चार पैसे येतील.” तुमच्या घरात असे बोलणे निघाले असेल, तर हे पान सगळ्यांनी मिळून वाचा.

पहिली गोष्ट कायद्याची. पशुवैद्यकाचा अभ्यासक्रम साडेपाच वर्षांचा आहे. त्यात साडेचार वर्षे वर्गातला आणि प्रयोगशाळेतला अभ्यास, आणि शेवटचे पूर्ण एक वर्ष आंतरवासितेचे, म्हणजे इंटर्नशिपचे. ते वर्ष नीट पार पडल्याशिवाय पदवी हाती येत नाही. पदवीशिवाय राज्य पशुवैद्यक परिषदेत कायम नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय स्वतंत्रपणे डॉक्टरकी करता येत नाही. 1984 च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्याने हे बंधन घातले आहे. तेव्हा घाई करून काही साधणार नाही.

हे वर्ष कशासाठी?

दुसरी गोष्ट कायद्याहून मोठी आहे. गाय अडली आहे, वासराची मान मागे वळली आहे, बाहेर पाऊस आणि हातात कंदील. अशा वेळी पुस्तकाचे पान आठवून भागत नाही. हात आत घातल्यावर बोटांना कळावे लागते, हा पुढचा पाय की मागचा. हे शहाणपण पन्नास जनावरांना हात लावल्यावरच येते, आणि ती जनावरे भेटतात कॉलेजच्या दवाखान्यात.

तिथे काय येत नाही? तार किंवा खिळा गिळलेली म्हैस येते, पोट उघडून तो काढावा लागतो. शिंगाचा कर्करोग झालेला बैल येतो. वार अडकलेली गाय, कासदाहाने सड निकामी होत चाललेली म्हैस, फुगलेली शेळी, पाय मोडलेले कुत्रे, सगळे एकाच सकाळी. शिवाय शिकाऊ डॉक्टरला जनावरांच्या फार्मवर आणि बाहेरच्या दवाखान्यांतही पाळी असते. चुकले तर सावरायला मागे प्राध्यापक उभे असतात. एकदा गावात बसल्यावर मागे कोणी नसते. तुमचीच गाय समोर असते आणि तुमचेच गाव बघत असते.

कोठे शिकता येते?

महाराष्ट्रात हे शिक्षण जुने आहे. मुंबईच्या परळमधले पशुवैद्यक कॉलेज 1886 सालचे. शेजारच्या बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालयाशी त्याचे नातेही तेवढेच जुने. पुढे नागपूर, परभणी, उदगीर आणि साताऱ्यातील शिरवळ येथे कॉलेजे निघाली. ही सगळी आज नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाखाली आहेत. प्रत्येक ठिकाणची जनावरे वेगळी. मुंबईला कुत्री-मांजरे जास्त, परभणी-उदगीरकडे गाय-बैल, म्हशी, शेळ्या जास्त. ज्याला पुढे खेड्यातच काम करायचे आहे, त्याने मोठ्या जनावरांची पाळी टाळू नये, उलट मागून घ्यावी.

पुढचे शिक्षण आणि अर्ज

काही मुलांना एखाद्या विषयात खोल जायचे असते. शस्त्रक्रिया, पशुप्रजनन किंवा औषधवैद्यक घेऊन दोन वर्षांची एम. व्ही. एस्सी. करता येते. राज्यातल्या जागांसाठी विद्यापीठाकडे अर्ज करावा लागतो, आणि देशपातळीवर भारतीय कृषी अनुसंधान परिषदेची प्रवेश परीक्षा असते. त्यातून बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्थेतही जाता येते. ही संस्था 1889 मध्ये आपल्या पुण्यातच सुरू झाली होती, नंतर ती उत्तरेत गेली.

परदेशाची ओढ असेल तर तिकडची रीत निराळी आहे. अमेरिकेत पदवीनंतर शिक्षण रुग्णालयात सुमारे एक वर्षाची इंटर्नशिप आणि मग एकाच विषयात बहुधा तीन वर्षांची ‘रेसिडेन्सी’ असते. बहुतेक जागा एका सामाईक योजनेतून भरतात. उमेदवार आपल्या पसंतीची रुग्णालये क्रमाने लिहून देतो, रुग्णालये उमेदवारांचा क्रम लावतात, आणि संगणक दोन्ही याद्या जुळवतो. जुळलेली जागा मग नाकारता येत नाही, म्हणून जिथे खरोखर जायचे नाही त्या रुग्णालयाचे नाव यादीत घालू नये. आपल्याकडची पदवी तिकडे थेट चालत नाही. स्वतंत्र डॉक्टरकीचा परवाना हवा तर आधी तिथल्या परीक्षा द्याव्या लागतात. खर्चही भारी असतो. तेव्हा कर्ज काढण्याआधी सगळी चौकशी पुरी करा.

अर्ज इथला असो की तिकडचा, काही गोष्टी आजपासूनच करायच्या असतात :

• नोंदवही रोज लिहावी. शिकाऊ डॉक्टरला ती ठेवावीच लागते, पण पुष्कळजण महिन्याचे काम एका रात्रीत उतरवतात. जनावर, लक्षणे, निदान, उपचार, शेवटी काय झाले, हे त्याच दिवशी टिपावे. पुढे मुलाखतीत हीच वही बोलते.

• शिफारसपत्र ओळखीच्या मोठ्या माणसाकडून घेऊ नये. ज्या प्राध्यापकाने तुम्हाला रात्री दोन वाजता दवाखान्यात उभे असलेले पाहिले आहे, त्यांचेच पत्र खरे वजनदार. मागणीही मुदतीआधी महिनाभर करावी.

• स्वतःबद्दलचे पत्र सरळ लिहावे. “मला लहानपणापासून प्राण्यांची आवड आहे” हे प्रत्येकजण लिहितो. घरच्या गोठ्यात किती जनावरे होती, काय पाहिले, काय शिकायचे राहिले, एवढे साधेपणाने लिहिले तरी पुरते.

• जे केले नाही ते केले म्हणून लिहू नये. दोन प्रश्नांत उघडे पडते, आणि गेलेली पत परत येत नाही.

घरच्यांनी काय करायचे?

या वर्षात शिकाऊ डॉक्टरला विद्यावेतन मिळते, पण त्यावर घर चालत नाही. म्हणून पैशाचा विषय आधीच मोकळेपणाने बोलून घ्या. दर आठवड्याला “कधी कमावणार?” असे विचारू नका. मुलगी असेल तर आणखी एक गोष्ट. रात्रपाळी आणि मोठ्या जनावरांचे काम तिला झेपणार नाही, असे घरातूनच म्हणू नका. अडलेले वासरू नुसत्या जोराने निघत नाही, ते आधी आत सरळ करून घ्यावे लागते. त्याला डोके आणि धीर लागतो.

ज्यांच्या घरात असे कोणी शिकत नाही, त्यांनाही या कामात वाटा आहे. कॉलेजचा दवाखाना जवळ असेल तर अवघड दुखणे घेऊन जरूर जा. शिकाऊ पोराने हात लावला म्हणून रागावू नका, मागे गुरुजन असतात. जनावर कधीपासून खात नाही, रवंथ करते का, शेण कसे टाकते, हे नीट सांगा. तुमचे दुखणाईत जनावर आणि तुमचे खरे बोलणे, या दोन्हींवरच उद्याचा डॉक्टर घडतो.

आंब्याला मोहोर आला म्हणून कोणी झाड हलवत नाही. पोरांनाही हे एक वर्ष पिकू द्या.