बेन नेव्हिसची वाट आणि सत्तरीचे गुडघे

मे महिना जवळ आला की परदेशी मुलांकडे निघालेले आजी-आजोबा औषधांची चिठ्ठी नव्याने लिहून घेण्यासाठी दवाखान्यात येतात. एडिंबरा किंवा ग्लासगोला जाणाऱ्यांच्या बोलण्यात एका डोंगराचे नाव हमखास येते, ते म्हणजे बेन नेव्हिस. “ब्रिटनमधले सर्वांत उंच शिखर, पण उंची अवघी १३४५ मीटर. आपले कळसूबाई १६४६. मग जमेल ना, डॉक्टर?” प्रश्न रास्त आहे, तुलना मात्र फसवी आहे.

कळसूबाईच्या पायथ्याचे बारी गाव मुळातच उंचावर आहे, त्यामुळे प्रत्यक्ष चढण सुमारे नऊशे मीटर भरते. सिंहगड आतकरवाडीकडून चढताना ती साडेपाचशे-सहाशे मीटरच्या घरात असते. बेन नेव्हिसची वाट ग्लेन नेव्हिस या दरीतून, जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुरू होते. म्हणजे शिखराची उंची जेवढी, तेवढीच जवळपास चढण! एका दिवसात सिंहगड दोनदा चढून दोनदा उतरण्यासारखाच हा प्रकार आहे. येथे विरळ हवेची भीती नसते, कारण त्या प्रकारचा त्रास सहसा अडीच हजार मीटरच्या वर सुरू होतो. परीक्षा असते ती हृदयाची, गुडघ्यांची आणि शरीरातील उष्णतेची.

म्हणून वाट ठरवताना शिखराच्या नावापासून नव्हे, नकाशापासून सुरुवात करावी. ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हे या संस्थेचे पंचवीस हजारास एक या प्रमाणाचे नकाशे विकत मिळतात. त्यांत चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. समान उंचीच्या रेषा जिथे एकमेकींना चिकटलेल्या दिसतात तिथे उभी चढण समजावी. अंतर आणि चढण हे दोनच आकडे कागदावर उतरवले, तरी निम्मे नियोजन झाले.

पुढचे गणित विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगून ठेवले आहे. मेट्रिक मापांत सांगायचे, तर सपाटीच्या दर पाच किलोमीटरला एक तास आणि चढणीच्या दर सहाशे मीटरला आणखी एक तास. बेन नेव्हिसची नेहमीची वाट जाऊन-येऊन सोळा-सतरा किलोमीटरची. तिचे उत्तर साडेपाच तासांच्या आसपास येते. पण हा हिशेब धडधाकट माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. पासष्टीनंतर मी या उत्तराला दीडने गुणायला सांगतो, मधुमेह किंवा सांधेदुखी असल्यास दोनने. वर जेवण आणि विसाव्याचा एक तास. आकडा नऊ ते बारा तासांवर जातो. ज्यांच्या घरातले रोजचे फिरणे चाळीस मिनिटांचे आहे, त्यांनी हा आकडा शांतपणे पाहावा.

मग काय, जाऊच नये? तसे मुळीच नाही. याच वाटेवर सुमारे ५७० मीटर उंचीवर एक तळे लागते. स्थानिक लोक त्याला अर्ध्या वाटेचे तळे म्हणतात. तिथवर जाऊन परतायचे, तर अंतर सुमारे आठ किलोमीटर आणि चढण सिंहगडाएवढी. नेस्मिथचे उत्तर अडीच तास, आपल्या गुणाकाराने पावणेचार ते पाच, आणि विसावा वेगळा. सिंहगड दम न लागता चढणाऱ्या ज्येष्ठाला हे जमण्याजोगे आहे. शिखरावर एरवीही बहुतेक दिवस ढगच असतात, त्यामुळे तिथून परतणाऱ्याचे फारसे काही हुकते असे मला वाटत नाही.

ज्यांना तेवढेही नको, त्यांच्यासाठी जवळच नेव्हिस रेंज येथे पाळणा आहे. तो ऑनक मोर या डोंगराच्या कुशीत सुमारे ६५० मीटरपर्यंत नेतो आणि वरून दोन छोट्या पायवाटा निरीक्षणस्थळांकडे जातात. जोराचा वारा असेल तर मात्र तो बंद ठेवतात. ग्लेनको गावाजवळचे ग्लेनको लोकन हे तळेही सुरेख आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लॉर्ड स्ट्रॅथकोना यांनी कॅनडाच्या आठवणीने झुरणाऱ्या पत्नीसाठी ते बांधवले आणि भोवती तिकडची झाडे लावली, असे सांगतात. तळ्याकाठची वाट सोपी आहे.

याच ग्लेनकोच्या उत्तरेला ऑनक इगाख नावाची अरुंद धार आहे. छायाचित्रांत ती फार मोहक दिसते. एकदा तिच्यावर चढले की पलीकडच्या टोकापर्यंत मधून खाली उतरायला सुरक्षित वाट नाही. ज्येष्ठांसाठी वाट निवडताना माझी पहिली कसोटी हीच: कोणत्याही क्षणी “आता पुरे” म्हटले, तर मागे फिरता येते का? बेन नेव्हिसच्या नेहमीच्या वाटेवर ते येते, या धारेवर येत नाही.

थंडीविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण जून महिना म्हटला की आपल्या मनात उन्हाळा येतो. दर दीडशे मीटरला तापमान साधारण एक अंशाने उतरते. दरीत पंधरा अंश असतील, तर शिखरावर सहा. त्यात ताशी पन्नास किलोमीटरचा वारा सुटला, की उघड्या त्वचेला ते शून्यासारखे जाणवते. वयोमानाने शरीराची थरथरण्याची आणि त्वचेतील रक्तवाहिन्या आवळून धरण्याची शक्ती कमी होते. म्हणून ज्येष्ठ माणूस लवकर गारठतो आणि गारठल्याचे त्याला उशिरा कळते. बोलणे अडखळू लागले, पाय ठेचकाळू लागले, उगाच चिडचिड किंवा गप्पपणा आला, तर सोबतच्यांनी तो थकवा समजू नये. ओले कपडे बदलावे, वाऱ्यापासून आडोसा करावा, गरम गोड पेय पाजावे आणि खाली वळावे. सुती कपडे भिजले की अंगातील ऊब ओढून घेतात. लोकरी किंवा कृत्रिम धाग्याचे थर, वर पाऊस-वारा अडवणारे जाकीट, टोपी आणि हातमोजे जूनमध्येही पिशवीत हवेत.

औषधांच्या बाबतीत काही गोष्टी आपल्या डॉक्टरांशी बोलूनच निघावे. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारखी औषधे नाडी वाढू देत नाहीत, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील ठोक्यांवर श्रम मोजता येत नाहीत. साखर उतरल्यावर होणारी धडधड आणि थरथरही ती झाकून ठेवतात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर चढणीवर, आणि त्यानंतर रात्रीही, घसरू शकते. खिशात ग्लुकोजच्या गोळ्या ठेवाव्या आणि ठरावीक वेळाने काहीतरी खावे. बेन नेव्हिसच्या वाटेवर शौचालय नाही, म्हणून अनेक जण, विशेषतः आपल्या आजी, सकाळपासून पाणीच पीत नाहीत. लघवी वाढवणारी गोळी चालू असताना असे करणे चक्कर येण्याला आमंत्रण आहे. पायथ्याच्या केंद्रात जाऊन यावे आणि वाटेत घोटघोट पाणी घेत राहावे. चालताना छातीत दाटून येत असेल, किंवा नुकतीच अँजिओप्लास्टी झाली असेल, तर तपासणीवाचून डोंगराचा विचारही करू नये.

गुडघे दुखतात ते उतरताना. दोन काठ्या घेतल्या की बराच भार हातांवर जातो, उतरणीवर त्या थोड्या लांब कराव्या. दुहेरी भिंगाच्या चष्म्यातून पायाखालची पायरी धूसर दिसते. दूरचे पाहण्याचा साधा चष्मा वेगळा न्यावा. रक्त पातळ होण्याचे औषध घेणाऱ्याने ओल्या दगडांची वाट टाळलेलीच बरी. स्टील धबधब्याची वाट छोटी असली, तरी घळीतून जाते, अरुंद आहे आणि पावसात निसरडी होते.

मुलांनी एक काम आदल्या रात्री करावे: डोंगरी हवामानाचा अंदाज पाहावा आणि मागे फिरण्याची वेळ ठरवावी. “दीड वाजता जिथे असू तिथून परत” असे आधीच ठरलेले असले, की वर गेल्यावर बाबांशी वाद घालावा लागत नाही. घरी राहणाऱ्याला वाट आणि परतीची वेळ सांगून निघावे. प्रवासविम्यात डोंगरावरील पदभ्रमण आणि जुने आजार दोन्ही समाविष्ट आहेत का, हे भारतातूनच विचारून घ्यावे.

अडचण आलीच, तर ९९९ किंवा ११२ लावून आधी पोलीस आणि मग पर्वतीय बचाव पथक मागावे. ही पथके स्वयंसेवकांची असतात आणि सुटकेचे पैसे घेत नाहीत. दऱ्यांत फोनला संपर्क अनेकदा मिळत नाही. ९९९ ला लेखी संदेश पाठवण्याची सोय आहे, पण त्यासाठी तिथल्या सिमकार्डावरून आधी नोंदणी करावी लागते. शिटीचा संकेत मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. आजार, औषधे आणि ॲलर्जी लिहिलेला कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून ज्येष्ठांच्या स्वतःच्या खिशात ठेवावा, मुलाच्या पाठपिशवीत नव्हे.