बसल्या घोड्याची चंदी

माथेरानला मोटारगाड्या दस्तुरी नाक्यापाशीच थांबतात. तिथून पुढे माणसांची आणि सामानाची वाहतूक पिढ्यान्‌पिढ्या घोड्यांच्या पाठीवरून होत आली आहे. गर्दी असते ती शनिवार-रविवारी, दिवाळीत आणि मे महिन्यात. एरवी सोमवार ते शुक्रवार बरेच घोडे खुंट्याला उभे असतात. चंदी, म्हणजे धान्याचा खुराक, मात्र बहुतेक ठिकाणी रोज सारखीच पडते. मुक्या जनावराचं पोट कापू नये, ही त्यामागची भावना चांगलीच आहे; पण घोड्याच्या बाबतीत अपाय नेमका इथूनच सुरू होतो. चारा भरपूर आणि सतत मिळावा, पण चंदी त्या दिवशीच्या कामाच्या मापानेच द्यावी. घोड्याच्या रोजच्या निगेत याहून महत्त्वाची गोष्ट क्वचितच असेल.

याचं कारण त्याच्या पोटाच्या घडणीत आहे. एवढ्या मोठ्या जनावराचं जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं असतं आणि त्याला ओकता येत नाही. पचनाचं मोठं काम पुढे मोठ्या आतड्यात चालतं. तिथले सूक्ष्मजीव गवतातला तंतू आंबवून त्यातून ताकद काढतात. धान्य एका वेळी जास्त झालं की त्यातला स्टार्च न पचता तिथवर पोचतो आणि आम्लता वाढते. मग पोटशूळ उठतो, नाहीतर खुरांच्या आतल्या पडद्यांना दाह होतो. दुसरा धोका स्नायूंचा. कामाच्या दिवसाइतकीच चंदी खाऊन दोन-चार दिवस बसलेला घोडा एकदम जुंपला, की कधीकधी पाठीचे आणि मांड्यांचे स्नायू दगडासारखे कडक होतात, घाम फुटतो, पाऊल उचलत नाही, लघवी कॉफीच्या रंगाची होते. युरोपात रविवारच्या सुटीनंतर गाडीच्या घोड्यांना हे व्हायचं, म्हणून त्याला सोमवारचा आजार म्हणत. माथेरानला तो शनिवारी गाठू शकतो. असा घोडा ओढत घरी नेऊ नये; आहे तिथेच उभा करून पशुवैद्यांना बोलवावं.

यावर घोडेवाले विचारतील, पाच दिवस चंदी कापली तर शनिवारी अंगात जोर कुठून येणार? तो गवतातूनही येतो. 300 किलोच्या घोड्याला रोज साधारण साडेचार ते सहा किलो कोरडा चारा लागतो. तो भरपूर मिळाला तर बसून असलेल्या दिवसांत चंदी निम्म्याच्याही खाली आणता येते. जोडीला रोज थोडं चालवणं, स्वच्छ पाणी आणि मिठाचा खडा हवाच. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. डोंगरावर चारा वाहून न्यावा लागतो. गवताचा भारा जागा अडवतो आणि तेवढ्याच वजनात धान्य अधिक ताकद देतं. ही अडचण नाकारता येत नाही. पण चार घरांनी मिळून पावसाळ्यानंतर वाळलं गवत एकदम भरून ठेवलं तर ती पुष्कळ हलकी होते, आणि ऐन मे महिन्यात लंगडा झालेला घोडा त्या गवतापेक्षा कितीतरी महाग पडतो.

चंदीचं माप चुकतंय का, हे घोड्याच्या पायावरूनही कळतं. खरारा करताना खूर उचलून तळ साफ करावा, अडकलेले खडे काढावेत, मग खुरावर तळहात ठेवावा. चारपैकी एखादा खूर बराच वेळ गरम राहिला तर सावध व्हावं. खुराच्या वर, पायाच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूंनी बोटं हलकेच टेकवली की निरोगी घोड्याची नाडी मुश्किलीने लागते. दाह सुरू झाला असेल तर ती ठोके मारते. पुढचे पाय पुढे टाकून घोडा भार मागे झोकू लागला, म्हणजे दुखणं बरंच पुढे गेलं. पोटशूळाची खूण वेगळी. स्वस्थ उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. तो कुशीकडे वळून पाहतोय, खुराने जमीन उकरतोय आणि नाडी 60 च्या वर आहे, तर घरगुती काढ्यात वेळ घालवू नये.

पावसाळ्यात धंदा बसतो, तेव्हाही हाच हिशेब. दिवाळीच्या तोंडावर आधी काम वाढवावं, फेऱ्या हळूहळू लांबवाव्यात आणि चंदी त्यामागून आठ-दहा दिवसांत चढवत न्यावी.