गाय उलटते का? आधी तारखा पाहा

जोडधंदा म्हणून दोन-चार संकरित गाई बांधणारे आपले कारागीर आणि दुकानदार बांधव दुधाचा दर, फॅट व पेंडीचा भाव तोंडपाठ सांगतात. गाय व्याल्याला किती दिवस झाले, हे मात्र त्यांना आठवावे लागते. आम्ही कापडातले. आमचा माल पडून राहिला तर निदान चारा मागत नाही. भाकड गाय रोज मागते.

गाय साधारण २१ दिवसांनी माजावर येते. एक माज हुकला की तीन आठवडे गेले. दिवसाचा खर्च २०० रुपये धरला तरी ४,२०० रुपये झाले. तेरा महिन्यांना एक वेत पदरात पडायचे असेल, तर गर्भकाळाचे सुमारे २८० दिवस वजा जाता व्याल्यापासून चार महिन्यांच्या आत गाय गाभण राहायला हवी.

अक्सर चूक होते ती माज ओळखण्यात. खरा माज बारा-अठरा तासच टिकतो, आणि उन्हाळ्यात तर पुष्कळदा रात्रीच येऊन जातो. म्हणून पहाटे आणि झोपण्यापूर्वी गोठ्यात फेरी हवी. काचेसारखा सोट, हंबरणे, दुसरे जनावर अंगावर चढले तरी स्थिर उभे राहणे, या खुणा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवावी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. रेतनाची कांडी उणे १९६ अंशांच्या नायट्रोजनमधून निघते. ती ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरावी लागते. कोणी हातावर चोळून वितळवत असेल तर भीड न धरता टोकावे.

गाय उलटली की लोक वीर्याला दोष देतात. हकीकत अशी की, अनेकदा गर्भ धरलेला असतो आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मरतो. सोळाव्या-सतराव्या दिवसाच्या सुमारास गर्भ आपण असल्याची खूण आईच्या शरीराला देतो. तो दुबळा असला तर खूण पोचत नाही, गाय पुन्हा माजावर येते आणि मालकाला काही कळतही नाही. दुबळेपणाचे मूळ बहुधा दावणीत असते. व्याल्यावर दूध झपाट्याने वाढते, खाणे तेवढे वाढत नाही, गाय अंगची चरबी जाळते. बरगड्या दिसू लागल्या की माजही लांबतो. पण विण्याआधी फार माजवलेली गायही नंतर कमी खाते, हे ध्यानात ठेवावे. चाऱ्याबरोबर खनिज मिश्रण रोज द्यावे. भरवल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात ऊन फार बाधते. एप्रिल-मे महिन्यांत सावली आणि गार पाणी हाच इलाज. वार अडकली तर ओढून काढू नये, गर्भाशय दुखावते.

पाचव्या महिन्यानंतर गाय गाभडली तर ब्रुसेला रोगाचा संशय धरावा. हा रोग माणसालाही होतो. ताप येतो-जातो, सांधे धरतात. गाभडलेले वासरू व वार उघड्या हाताने उचलू नये, दूध उकळूनच प्यावे. कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात एकदाच याची लस टोचतात.

माज दिसला नाही म्हणजे गाय गाभण, हा मोठा गैरसमज आहे. मुका माजही असतो. दोन महिन्यांनी डॉक्टरकडून तपासणी करून घ्यावी. उधारीच्या वहीतच एक पान गाईच्या नावे ठेवावे : व्याल्याची तारीख, प्रत्येक माज, रेतनाची वेळ आणि कांडीवरचा वळूचा क्रमांक. डॉक्टर आले की पहिला सवाल याचाच करतात.