सब-कॉन्ट्रॅक्टरच्या बिलातून पैसे कापले, मग जीएसटी कशावर?

पेंटिंग, प्लंबिंग, फॅब्रिकेशनची कामं घेणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न: "सर, बिल एक लाखाचं केलं, हातात कमी आले. मग जीएसटी आले तेवढ्यावरच ना?"

नाही! जीएसटी लागतो तो कामाच्या किमतीवर, बँकेत जमा झालेल्या रकमेवर नाही. जुन्या सर्व्हिस टॅक्समध्येही कर 'ग्रॉस' रकमेवरच होता. १ जुलै २०१७ ला कर बदलला, हे तत्त्व बदललं नाही.

उदाहरण घेऊ. दोघेही जीएसटीत नोंदणीकृत, दर १८ टक्के. काम १,००,००० रुपये, जीएसटी १८,००० रुपये. एकूण बिल १,१८,००० रुपये. आता मेन कॉन्ट्रॅक्टर काय काय कापतो बघा.

१. टीडीएस, १,००० रुपये. तुम्ही वैयक्तिक मालक असाल तर १ टक्का. बिलात जीएसटी वेगळा दाखवा, म्हणजे टीडीएस फक्त एक लाखावर कापला जाईल. हा तुमच्याच नावावर भरलेला इन्कम टॅक्स आहे. जीएसटी यामुळे कमी होत नाही.

२. परांचीचं भाडं, ३,००० रुपये. इथे मेन कॉन्ट्रॅक्टरने तुम्हाला सेवा दिली. म्हणून त्याने स्वतःचं बिल द्यायचं: ३,००० अधिक जीएसटी ५४० रुपये. बिल मागून घ्या, नाहीतर ५४० रुपयांचं क्रेडिट जाईल.

३. उशिराचा दंड, २,००० रुपये. ही फक्त नुकसानभरपाई असेल तर तिच्यावर वेगळा जीएसटी नाही. ३ ऑगस्ट २०२२ च्या सर्क्युलरमध्ये हे स्पष्ट केलंय. मात्र काम खराब म्हणून दोघांनी मिळून दरच कमी केला, तर गोष्ट वेगळी. तेव्हा तुम्ही क्रेडिट नोट काढायची आणि त्या प्रमाणात जीएसटी कमी करायचा.

हातात आले १,११,४६० रुपये. त्यातून सरकारला १८,००० वजा ५४०, म्हणजे १७,४६० रुपये भरायचे.

कापलेले सहा हजार सोडून ९४,००० वरच कर लावला तर? १६,९२० रुपये होतात, म्हणजे १,०८० रुपये कमी. एका बिलात ही रक्कम छोटी वाटते. पण वर्षभर अशीच बिलं झाली, की नोटीस येते तेव्हा थकलेला कर आणि वर वार्षिक १८ टक्के व्याज, दोन्ही खिशातून जातात. नफा तिथेच संपतो.

म्हणून पेमेंट आलं की आधी कपातीचा हिशोब लेखी मागा. "ॲडजस्ट केलं" एवढं उत्तर पुरेसं नाही. प्रत्येक कपातीसमोर कारण आणि कागद हवाच.