पासवर्ड ठेवावा कोठे? वेब सेवांच्या लॉगिनचा मागोवा

मे 1996 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एचटीटीपी 1.0 च्या तपशिलांत 'बेसिक' प्रमाणीकरण होते, म्हणजे प्रत्येक विनंतीसोबत नाव व पासवर्ड पाठवून ओळख पटवण्याची पद्धत. तेथील उदाहरणात 'अल्लादीन' हे नाव आणि 'ओपन सेसमी' हा पासवर्ड बेस-64 रूपात दिला होता, परंतु ते केवळ रूपांतर असून कूटलेखन नसल्यामुळे वाटेत हाती लागलेला मजकूर कोणालाही उलगडता येई. पुढे वेब सेवांच्या संदेशांची रचना ठरवणारे सोप 1.1 आले आणि एप्रिल 2004 मध्ये ओएसिस संस्थेने डब्ल्यूएस-सिक्युरिटी हे मानक मंजूर करून लॉगिनला संदेशाच्या हेडरमध्ये जागा दिली. पासवर्ड पाठवावा कसा, याचा विचार असा पुढे सरकला. तो ठेवावा कोठे, हा प्रश्न मात्र ज्या त्या कंपनीवर सोडलेला होता.

मोठ्या उद्योगांत हा प्रश्न अधिक बिकट होता, कारण तेथे एकच प्रणाली डेव्हलपमेंट, क्वालिटी आणि प्रॉडक्शन अशा वेगवेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये चालते. सॅप या उद्योग-सॉफ्टवेअरमध्ये प्रोग्राममधील बदल 'ट्रान्सपोर्ट'ने पुढच्या सिस्टिममध्ये जातात, पण वेब सेवेचा पत्ता व लॉगिन ज्यात नोंदवतात ते 'लॉजिकल पोर्ट' सामान्यतः प्रत्येक सिस्टिममध्ये 'सोआमॅनेजर' हे व्यवस्थापन-साधन उघडून स्वतंत्रपणे तयार करावे लागते, आणि ते राहून गेले की चाचणीत उत्तम चाललेली सेवा प्रॉडक्शनमध्ये पहिल्याच दिवशी बंद पडते. हे काम कंटाळवाणे खरे, तरीही चाचणीचा आणि प्रत्यक्ष व्यवहाराचा पासवर्ड त्यामुळे वेगळे राहतात, आणि हा लाभ त्या कंटाळ्याहून मोठा आहे.

जेथे अशी फारकत नव्हती तेथे पासवर्ड थेट कोडमध्येच लिहिले गेले. 2011 च्या सुमारास हेरोकू या क्लाउड-सेवेच्या अभियंत्यांनी 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप' या तत्त्वसंचात त्यावर नेमकी कसोटी सांगितली: या क्षणी सगळा कोड जगासमोर ठेवला तरी एकही लॉगिन उघडे पडता कामा नये. 2016 मध्ये उबरच्या अभियंत्यांच्या खासगी गिटहब साठ्यात शिरलेल्या हल्लेखोरांना तेथेच अ‍ॅमेझॉन क्लाउडची किल्ली सापडली आणि सुमारे 5.7 कोटी लोकांची माहिती त्यांच्या हाती गेली. साठा खासगी असणे पुरेसे नसते, हे याहून स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

त्याआधीच, ऑक्टोबर 2012 मध्ये, ओऑथ 2.0 या मानकाने पासवर्डाऐवजी अल्पमुदतीच्या टोकनचा मार्ग प्रमाणित केला होता, आणि 2015 मध्ये आलेले हॅशिकॉर्प कंपनीचे व्हॉल्ट हे गुपिते सांभाळणारे साधन डेटाबेसचे लॉगिनही ठरावीक मुदतीपुरते तयार करून देऊ लागले. मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज ऑनलाइनमधील बेसिक प्रमाणीकरण कायमचे बंद करण्यास ऑक्टोबर 2022 मध्ये सुरुवात केली. तथापि टोकन मागणाऱ्या प्रोग्रामलाही बहुधा स्वतःचे 'क्लायंट सिक्रेट', म्हणजे ओळख पटवणारे गुपित, बाळगावे लागते, ते प्रत्येक एन्व्हायर्नमेंटला निराळे असावे लागते, आणि त्याची मुदत संपण्यापूर्वी ते बदलण्याची जबाबदारी कोणावर तरी नावानिशी सोपवावी लागते.