दुचाकीचे ऑइल घरी बदलताना

मोटारसायकलच्या इंजिनातले ऑइल कारच्या ऑइलपेक्षा जास्त कामे करते. भारतातल्या बहुतेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत पिस्टन, गिअरबॉक्स आणि क्लचप्लेटा एकाच ऑइलवर चालतात. म्हणून ऑइल बदलण्याचे काम अर्ध्या तासात अंगणात उरकणारे असले, तरी त्यातली चूक तिन्ही ठिकाणी भोवते. नागपुरात ऑइलचा विषय निघाला की वाद ब्रँडवर रंगतो. नुकसान मात्र बहुधा खालच्या ड्रेन बोल्टमुळे आणि चुकलेल्या मापामुळे होते.

सुरुवातीची चूक गार इंजिनाची. मे २०१३ मध्ये नागपूरचा पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा उन्हात उभ्या गाडीचा चटका बसतो आणि इंजिन गरमच आहे असे वाटते. पण आतले ऑइल फिरलेले नसते. काजळी आणि धातूचा कीस तळाशी बसलेला असतो. इंजिन तीन-चार मिनिटे चालवले की गाळ ऑइलात मिसळतो आणि त्याच्याबरोबर बाहेर पडतो. वर्धा रोडने लांबून आल्या आल्या बोल्ट उघडणेही धोक्याचे, कारण तेव्हाचे ऑइल हात भाजण्याइतके गरम असते आणि तापलेला सायलेन्सर शेजारीच असतो.

सर्वांत महाग पडतो तो ड्रेन बोल्ट. तो इंजिनाच्या पोटाखाली असतो. वरून वाकून पाना लावणाऱ्याला दिशा उलटी भासते आणि सैल करण्याऐवजी बोल्ट आणखी आवळला जातो. बोल्ट पोलादी, चेंबर ॲल्युमिनियमचे. त्यामुळे आटे जातात ते चेंबरचे. काही १०० सीसी इंजिनांत कॅम चेनच्या टेन्शनरचा बोल्टही खालीच असतो. तो चुकून उघडला तर आतली स्प्रिंग बाहेर येते. म्हणून पाना लावण्याआधी गाडीच्या पुस्तिकेतले चित्र पाहणे आवश्यक आहे.

बोल्टखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदा दाबला गेला की चपटतो. जुनाच पुन्हा लावला तर थेंब गळू लागतो. गळती थांबवायला बोल्ट आवळला जातो, तरीही गळते, मग पान्याला पाइप लावून जोर दिला जातो आणि आटे मरतात. पुढे लेथवाल्याकडे जाऊन आटे नव्याने पाडावे लागतात किंवा हेलिकॉइल बसवावी लागते. या सगळ्याच्या मुळाशी काही रुपयांचा वायसर असतो. बोल्ट आधी बोटांनी पूर्ण फिरवावा आणि शेवटी टॉर्क पान्याने पुस्तिकेत दिलेल्या मापाइतकाच आवळावा.

फिल्टरची रचना गाडीगणिक वेगळी असते. स्प्लेंडरसारख्या इंजिनात कागदी फिल्टर नसतो. जाळी आणि फिरत्या गतीने गाळ बाजूला टाकणारा फिल्टर असतो. कागदी फिल्टर उलटा बसवणे किंवा जुनी ओ-रिंग आत चिकटलेली असताना तिच्यावरच नवी लावणे, या चुका नेहमी होतात.

ऊन कडक म्हणून ऑइल जाड घालावे, हा समजही पक्का आहे. १०डब्ल्यू-३० मधला पहिला आकडा थंडीतल्या वागण्याचा असतो. १०डब्ल्यूची ती चाचणी उणे २५ अंशांवर होते, २०डब्ल्यूची उणे १५ वर. डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचे तापमान ३.५ अंशांवर उतरले होते. म्हणजे दोन्ही ऑइलांना इथली थंडी जड नाही. दुसरा आकडा १०० अंशांवरच्या जाडीचा. १०डब्ल्यू-३० साठी घडवलेल्या इंजिनात २०डब्ल्यू-५० घातले तर सुरू करताना ते वरच्या भागापर्यंत उशिरा पोचते आणि मायलेजही घटते. कंपनीने दिलेला ग्रेड बदलू नये. कारचे उरलेले ऑइल तर मुळीच घालू नये. त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्ये क्लचप्लेटा घसरवू शकतात. मग इंजिन गुरगुरते आणि वेग वाढत नाही. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ असे लिहिलेले हवे. स्कूटरचा क्लच ऑइलात बुडालेला नसतो, म्हणून तिला एमबी चालते. तिच्या मागच्या गिअरचे ऑइल मात्र वेगळे असते.

माप चुकते ते डबा रिकामा करण्याच्या सवयीने. अनेक १०० सीसी गाड्यांना बदलताना एक लिटरपेक्षा कमी ऑइल लागते. जास्त झाले तर फिरणारा क्रँक ते घुसळतो, फेस येतो आणि ऑइल एअर फिल्टरपर्यंत जाते. पातळी सपाट जागी, गाडी सरळ उभी करून बघावी. साइड स्टँडवर ती चुकीचीच दिसते. आधी इंजिन दोन-तीन मिनिटे चालवावे, बंद करून तितकेच थांबावे. हिरो-होंडाच्या बहुतेक गाड्यांत गेजपट्टी आटे न फिरवता नुसती टेकवायची असते.

नवे ऑइल लवकर काळे पडले म्हणून ते खराब ठरत नाही. काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. दुधाळ रंग मात्र पाण्याची खूण. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत गाड्या बुडाल्या. अशा गाडीला किक मारून बघणे ही सर्वांत घातक चूक, कारण पाणीमिश्रित ऑइल बेअरिंगपर्यंत पोचते. आधी ते काढून टाकावे लागते.

काढलेले काळे ऑइल चेनला लावू नये; त्यातला कीस चेन झिजवतो. ते नालीत ओतले तर नाग नदीतून कन्हान आणि वैनगंगेमार्गे गोसीखुर्दच्या पाण्यात जाते. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल हा घातक कचरा आहे. ते झाकणाच्या डब्यात भरून, वापरलेले तेल अधिकृत पुनर्प्रक्रियेला पाठवणाऱ्या सर्व्हिस सेंटरकडे द्यावे.