घरच्या घरी बदकांची उबवण

अंगणात दोन-चार बदके बाळगणाऱ्या घरांतून एक तक्रार नेहमी ऐकू येते. बदके अंडी पुष्कळ घालतात, परंतु ती उबविण्याचे नाव काढीत नाहीत. पहाटे गवतात, ओहोळाच्या काठी, प्रसंगी चिखलातच अंडे टाकून मादी चालती होते आणि मागे वळूनही पाहत नाही. हा तिचा दोष नव्हे. खुडूक बसलेली मादी तेवढ्या काळात अंडी घालीत नाही. मनुष्याला अंडी हवी होती, म्हणून त्याने पिढ्यान् पिढ्या न बसणाऱ्या माद्याच निवडल्या. इंग्लंडमध्ये 1900 च्या सुमारास सौ. अडेल कॅम्पबेल यांनी सिद्ध केलेली खाकी कॅम्पबेल ही जात अंड्यांसाठी जगभर नावाजली गेली; पण ती खुडूक बसेल या आशेवर कोणी राहू नये. रनर बदकांचीही तीच गत आहे.

याला सुखद अपवाद म्हणजे मस्कोव्ही बदक. नावावरून वाटते तसा त्याचा मॉस्को शहराशी काही संबंध नाही. त्याचे मूळ घर मध्य व दक्षिण अमेरिका. चेहऱ्यावर लाल खडबडीत कातडी असलेला हा पक्षी फारसा कलकलाट करीत नाही आणि मादी उबवणीला अत्यंत चिकाटीची असते. साधारण 12 ते 15 अंडी ती सहज सांभाळते. तिच्या स्वतःच्या अंड्यांना सुमारे 35 दिवस लागतात. इतर जातींच्या अंड्यांना 28. दोन्ही प्रकार एकत्र ठेवले, तर आधी निघालेल्या पिलांपाठी आई उठून जाते आणि उरलेली अंडी गारठतात.

मस्कोव्ही नसेल तर खुडूक गावठी कोंबडी हा जुना आणि भरवशाचा उपाय. तिच्या पंखांखाली बदकाची 8 ते 10 अंडी मावतात. हाव धरून अधिक ठेवली, तर कडेची अंडी आळीपाळीने थंड होतात आणि हाती येतात ती आधीपेक्षाही कमी पिले. शिवाय तिची स्वतःची अंडी 21 दिवसांतच फुटतात. दोन्ही एकत्र उबवावयाचीच असतील, तर कोंबडीची अंडी एका आठवड्यानंतर ठेवावी.

अंडी निवडताना स्वच्छ, मध्यम आकाराची, तडा नसलेली घ्यावी. मळकट अंडी धुऊन ठेवण्याचा मोह टाळावा. धुतल्याने कवचावरचे नैसर्गिक आवरण निघून जाते आणि जंतूंना वाट मिळते. पाच-सहा माद्यांमागे एक नर असला म्हणजे बहुतेक अंडी फळतात. ती थंड जागी, निमुळते टोक खाली करून, आठवडाभर राहू शकतात. ऊब मिळेपर्यंत आतला जीव निजलेलाच असतो. म्हणूनच बदकी रोज एक याप्रमाणे अंडी घालते आणि पुरा डाव भरल्यावरच बसते. पिले मात्र जवळजवळ एकाच दिवशी निघतात.

घरटे काळोख्या, निवांत कोपऱ्यात असावे. खोक्याच्या तळाशी किंचित ओलसर माती व तीवर भाताचा पेंढा पुरे. मुंगूस आणि घूस यांचा बंदोबस्त मात्र आधी करावा. त्यांच्या एका रात्रीच्या धाडीने महिन्याची मेहनत मातीस मिळते. कोंबडीला रात्रीच्या वेळी अंड्यांवर बसवावे, म्हणजे ती गडबडत नाही.

बदकी दिवसातून एकदा उठते, खाते, पाण्यात डुंबते आणि ओल्या पिसांनीच परतते. हा ओलावा अंड्यांना हवासा असतो. कोंबडी पाण्याकडे फिरकत नाही. म्हणून तिच्याखालच्या अंड्यांवर दुसऱ्या आठवड्यापासून रोज थोडे कोमट पाणी शिंपडावे. बदकाचे अंडे मोठे व जड, तिला ते उलथविणे कठीण जाते. ते काम दिवसातून दोन-तीन वेळा हातानेच करावे. एका बाजूस पेन्सिलीने खूण केली की चूक होत नाही.

सातव्या दिवशी अंधारात अंडे विजेरीपुढे धरून पाहावे. तांबड्या शिरांचे कोळ्यासारखे जाळे दिसले तर जीव धरला असे समजावे. स्वच्छ दिसणारे अंडे काढून टाकावे. कुजलेले अंडे घरट्यात फुटले तर शेजारच्या अंड्यांनाही बाधते. पंचविसाव्या दिवसानंतर मात्र अंड्यांना हात लावू नये.

खरी कसोटी शेवटी लागते. कवचाला पहिली चीर पडल्यापासून पिलू बाहेर येईपर्यंत 24 ते 48 तास जाऊ शकतात. घरातील मंडळींचा, विशेषतः मुलांचा, धीर सुटतो आणि कोणी तरी मायेने कवच सोलावयास जाते. तेथेच घात होतो. त्या वेळी आतील पडद्याच्या शिरांत अजून रक्त वाहत असते व बलकाचा उरलेला भाग पिलाच्या पोटात ओढला जात असतो. घाईने सोललेले पिलू रक्तस्रावाने दगावते.

पोटातील त्या बलकावर पिलू पहिला दिवस सहज काढते. पुढे ओलसर कण्या, शिजविलेला भात व बारीक चिरलेला पाला चालतो. जवळ पाणी हवेच, पण उथळ. चोच बुडावी, अंग बुडू नये. शेंगदाण्याची पेंड किंवा मका देताना डोळ्यांत तेल घालून पाहावे. 1960 साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी मेले, आणि त्यांच्याबरोबर बदकांची पिलेही. शोध घेता बुरशी धरलेली शेंगदाण्याची पेंड कारण ठरली. त्या बुरशीच्या विषाला, अफ्लाटॉक्सिनला, बदकाचे पिलू फार लवकर बळी पडते. पेंडीला कुबट वास आला तर ती सरळ फेकावी. उन्हात वाळवून हे विष जात नाही.

कोंबडीने वाढविलेली बदके पहिल्यांदा डबक्यात उतरतात, तेव्हा काठावर तिची जी तारांबळ उडते ती पाहण्याजोगी असते. पिले निश्चिंत पोहत असतात. तरी पहिले दोन-तीन आठवडे त्यांना खोल पाण्यात फार वेळ राहू देऊ नये, आणि संध्याकाळी कोरडी करून तिच्या पंखांखाली लोटावी.